हाताचं वळण

माझ्या डिजिटल पियानोवर डेमोचं एक बटण आहे. ते दाबलं की पियानो आपला आपणच वाजायला लागतो. बरेच तुकडे त्याच्यात आधीच भरून ठेवलेले आहेत, आणि मी गेले चार महिने जो मिन्युएट शिकते आहे तोही त्यांत आहे. वाद्य तेच, स्पीकर तोच, सूरही तेच. बटण दाबलं की तो मिन्युएट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही चूक न होता वाजतो. मी वाजवायला बसले की पहिले १६ बार कसेबसे पार पडतात आणि सतराव्याला गाडी अडते. ज्याला फक्त संगीत ऐकायचंय त्याने यातलं काय निवडावं हे उघड आहे. मग मी रोज रात्री पाऊण तास त्या पट्ट्यांशी झटापट करते ती नेमकी कशासाठी?

मी २८ वर्षांची आहे. इंजिनिअरिंग झालं, मग पुण्यात नोकरी, संगीताचं शिक्षण शून्य. पियानो म्हणजे काय ते मला माहीत होतं ते जुन्या हिंदी सिनेमांमुळे, ज्यांत दुखावलेला हिरो भर पार्टीत पियानोवर बसून हिरॉइनला टोमणे मारतो. त्यामुळे मी पियानो घेतला हे कळल्यावर आईने विचारलं, "याचं आता काय करणार तू?" प्रश्न टोमण्याचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मलाही.

अशा प्रश्नांची तयार उत्तरं असतात. ताण कमी होतो, मेंदूला व्यायाम होतो, मोबाइलपासून तेवढीच सुटका. मला यातलं एकही पटत नाही. ताण कमी करायला टेकडीवर फिरायला जाता येतं. आणि खरं सांगायचं तर पियानोमुळे माझा ताण वाढतो. एखादी गोष्ट करावी का, याचं उत्तर तिच्या बाजूच्या फायद्यांतून द्यायला लागलो की ती गोष्ट हातातून निसटते. मोगरा डास पळवतो म्हणून लावावा, असं सांगण्यासारखं आहे ते.

हा प्रश्न मी एरवी आळसाने तसाच ठेवून दिला असता. पण गेले काही महिने तो ऑफिसातही माझ्यासमोर येऊन बसलाय. आमच्या टीममध्ये एक मुलगा नवीन आला. हुशार आहे, नम्र आहे, 'मॅम' म्हणू नकोस असं दहादा सांगूनही 'मॅम' म्हणतो. त्याचं प्रोबेशन संपत आलंय आणि त्याच्याबद्दलचा फॉर्म मी भरायचाय. तो जो कोड देतो तो एआयने लिहिलेला असतो. त्यात लपवाछपवी काही नाही, आम्ही सगळेच ती साधनं वापरतो, कंपनीच वापरा म्हणते. कोड चालतो, टेस्ट पास होतात. एकदा त्याने पेमेंटचा एक भाग लिहून आणला होता. मी विचारलं, "समजा ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण बँकेचं उत्तर आपल्यापर्यंत यायच्या आत कनेक्शन तुटलं. आपला कोड पुन्हा प्रयत्न करणार. मग पैसे दोनदा कापले जातील का?" त्याने स्क्रीनकडे पाहिलं, जरा वेळ गप्प राहिला, आणि प्रश्न जसाच्या तसा एआयला टाइप केला. उत्तर आलं, आणि बरोबर आलं. तो म्हणाला, "मॅम, मिळालं की उत्तर." मी काही बोलले नाही, कारण उत्तर मिळालं होतं हे खरंच होतं.

म्हणजे त्याने डेमोचं बटण दाबलं. मी घरी तेच बटण दाबायचं नाही म्हणून हट्टाने बसते. पगार कशाचा मिळतो ते पाहिलं तर त्याचंच वागणं शहाणपणाचं दिसतं.

या प्रश्नाचा शोध घेताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती ॲरिस्टॉटलची, आणि तीही अनपेक्षित ठिकाणी. 'पॉलिटिक्स' हा राज्यकारभारावरचा ग्रंथ. त्याच्या आठव्या, शेवटच्या भागात तो मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलतो आणि अगदी माझाच प्रश्न विचारतो. दुसऱ्यांनी वाजवलेलं ऐकून आनंद मिळतो, तर स्वतः वाजवायला कशाला शिकायचं? स्पार्टाचे लोक शिकत नाहीत, तरी चांगलं गाणं कुठलं आणि वाईट कुठलं ते आपल्याला कळतं असं म्हणतातच. देवांचा राजा ज्यूस, तो कवितांमधून स्वतः गाताना-वाजवताना दिसत नाही. आणि आनंदासाठी वाजवायला शिकायचं असेल, तर त्याच न्यायाने जेवण स्वतः बनवायलाही शिकायला लागेल, आणि हे तर विचित्रच!

स्वयंपाकाचं हे उदाहरण वाचून मला हसू आलं. अथेन्समधला स्वतंत्र पुरुष, त्याच्या घरात चूल पेटवायला गुलाम. त्याला स्वयंपाक शिकणं विचित्र वाटणारच. पण पुढे तो जे उत्तर देतो ते विचार करण्यासारखं आहे. तो म्हणतो, ज्या कामात कधी हात घातला नाही त्याचा चांगला पारखी होणं अवघड, जवळजवळ अशक्य. म्हणून लहानपणी वाजवायला शिकावं. मात्र धंदेवाईक वादकाइतकं नाही, स्पर्धांतल्या कसरती करण्याइतकं तर नाहीच. पारख येईल आणि चांगल्या संगीताचा आनंद घेता येईल एवढं पुरे. आणि वय वाढलं की वाजवणं सोडून द्यावं.

थोडक्यात, ॲरिस्टॉटल मला म्हणतो की तुझी वेळ गेली.

त्याच्या उत्तराचा पहिला भाग मला अनुभवाने पटतो. पियानो शिकायला लागल्यापासून माझं ऐकणं बदललंय. आधी मला गाण्यात फक्त चाल ऐकू यायची. आता खालचा, डाव्या हाताचा आवाज ऐकू येतो, कुणीतरी खोलीत दिवा लावावा तसा. वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यांत बेस काय करतो ते मला आत्ता कळतंय. पण तेवढ्यासाठी चार महिने मिन्युएट कशाला? कान तयार करण्याचे सोपे रस्ते आहेत, ॲपसुद्धा आहेत.

हीच भीती माणसांना याआधीही वाटून गेली आहे. अमेरिकन बँडमास्टर आणि संगीतकार जॉन फिलिप सूझा यांनी १९०६ साली 'द मेनेस ऑफ मेकॅनिकल म्युझिक' नावाचा लेख लिहिला. फोनोग्राफ आणि कागदाच्या भोकं पाडलेल्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो तेव्हा घरोघरी शिरत होते. सूझांचं म्हणणं, यंत्र वाजवायला लागलं की लोक शिकणं सोडतील, हौशी वादक नाहीसा होईल. (त्यात त्यांचा स्वार्थही होता. त्या गुंडाळ्यांवर आणि तबकड्यांवर संगीतकारांना मानधन मिळत नव्हतं.) त्यांचं भाकीत पुरतं खरं झालं नाही, पुरतं खोटंही ठरलं नाही. माझ्या सोसायटीत प्रत्येकाच्या खिशात जगातलं सगळं संगीत आहे. वाजवता येणारी माणसं किती असतील? मला एकही माहीत नाही, आणि मी स्वतःला अजून धरत नाही.

तर आता मी प्रत्यक्ष काय करते ते सांगते, कारण उत्तर असलंच तर तिथेच असेल.

हा मिन्युएट नवशिक्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला येतो. बाखने १७२५ साली आपल्या बायकोला, आना माग्डालेनाला, दिलेल्या वहीत तो आहे. पुष्कळ वर्षं तो बाखचाच समजला जायचा. नंतर संशोधकांनी दाखवून दिलं की तो ड्रेस्डेनमधला एक ऑर्गनवादक, क्रिस्टियान पेट्झोल्ड, याचा आहे. वही घरातल्या वापराची होती, तिच्यात मुलाच्या सुरुवातीच्या रचनाही आहेत. मिन्युएटचे बार एकूण ३२, प्रत्येकात तीन मात्रा. पहिल्या बारमध्ये उजव्या हाताला पाच सूर आणि डाव्याला फक्त दोनदा दाबायचं. वाचायला सोपं आहे. नोटेशन कसं वाचतात हे कळल्यावर तो बार मला दोन मिनिटांत कळला. कुठली पट्टी, कुठलं बोट, किती वेळ, सगळं. कागदावर लिहून दाखवता आलं असतं.

वाजवायला तीन आठवडे लागले.

उजवा हात चढायला लागला की डावा त्याच्या मागे पळतो. डाव्याला थांबवलं की उजवा थांबतो. आपल्याकडे पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भाता हलवतो आणि सूर उजवा सांभाळतो. पियानोत दोन्ही हातांना आपापला संसार आहे, आणि डोकं एकच. आपलंच बोट, आपल्याला हवं तेव्हा, हवं तिथे पडत नाही, हे इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. 'कळतं पण वळत नाही' हे आपण आळशी माणसाला, सिगारेट न सुटणाऱ्या काकांना म्हणतो. मला ते पहिल्यांदा शब्दशः कळलं. मला सगळं कळत होतं, आणि करंगळी वळत नव्हती.

माझ्यासारखीला ही गोष्ट जास्त बोचते, कारण माझं सगळं शिक्षण 'कळलं की झालं' यावर उभं आहे. इंजिनिअरिंगचे कितीतरी विषय आम्ही पेपरच्या आदल्या रात्री, हॉस्टेलच्या व्हरांड्यात, कुणाच्या तरी नोट्सवरून एकमेकांना समजावत काढले. सकाळी लिहून आलो, पास झालो. कोडिंगमध्येही एखादा अल्गोरिदम नीट कळला की तो लिहिणं फार लांब नसतं. कळणं आणि करणं यांत तिथे फार तर एका दुपारचं अंतर. पियानोवर आदल्या रात्रीला काही किंमत नाही. उलट आदल्या रात्री न जमलेला बार झोपून उठल्यावर थोडा बरा जमतो. झोपेत हातांचं शिकणं पक्कं होतं का, यावर संशोधकांनी प्रयोगही केले आहेत. मी काहीच करत नसते तेव्हा माझं काम पुढे सरकतं! असा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याही विषयाने दिला नाही.

माझ्या शिक्षिका, मी त्यांना मिस म्हणते, कॅम्पात राहतात. मूळच्या गोव्याच्या. गोव्यात चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन शिकवलं गेलं, आणि मुंबईच्या हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक दिसायचे ते त्यामुळेच. मिसचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मिसचं मराठी कोकणी वळणाचं आहे आणि शिकवण्यात सिद्धान्त फारसा नसतो. "जितक्या स्पीडला चुकत नाय, तितकाच तुझा स्पीड," असं म्हणून त्या मेट्रोनोम इतका खाली आणतात की लाज वाटावी. मी एकदा अडखळून तोच बार घाईघाईने चार वेळा वाजवला, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "चूक पण प्रॅक्टिसनंच पक्की होते गो."

हे वाक्य ऐकून मी घरी येऊन पुन्हा ॲरिस्टॉटल उघडला, कारण तो हेच म्हणतो असं मला पुसट आठवत होतं. यावेळी नीतीवरचा ग्रंथ, 'निकोमाकियन एथिक्स', दुसरा भाग. तिथे तो सांगतो की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वीणेसारखं तंतुवाद्य वाजवून वाजवून वादक होतो, आणि तसाच न्यायाने वागून वागून न्यायी होतो, धैर्याने वागून वागून धीट होतो. आणि लगेच पुढे म्हणतो की वाजवण्यातूनच चांगले वादक तयार होतात, आणि वाईटही. मिस आणि ॲरिस्टॉटल यांचं इथे एकमत आहे.

पण मला त्याहून जास्त गंमत वाटली ती आपल्या भाषेची. मराठीत हे सगळं एका शब्दात आधीच आहे. अक्षराला वळण असतं. सुगरणीच्या हाताला वळण असतं. आणि मुलांना चांगलं वळण लावतात. हाताची सवय आणि माणसाची नीती, दोन्हींना एकच शब्द, आणि 'वळत नाही' मधला 'वळ'ही तोच. ॲरिस्टॉटलला जे उदाहरण देऊन समजवावं लागलं ते आजी 'मुलाला काही वळणच नाही' म्हणताना सहज बोलून जाते.

या शब्दाचा धागा धरला की पियानो जरा वेगळा दिसायला लागतो. दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबावं. ज्याचं श्रेय त्याला द्यावं, विशेषतः तो मीटिंगमध्ये नसताना. कामाच्या गडबडीत आईचा फोन आला तर 'बोल' म्हणावं. यात न कळण्यासारखं काय आहे? नीतीचे बहुतेक प्रश्न कळण्याचे नसतातच. तरी आपण वाद घालतो ते कळण्यावर, पॉडकास्ट ऐकतो ते कळण्यासाठी, आणि एकदा पटलं की काम झालं असं धरून चालतो. पटलेली गोष्ट हातात उतरायला किती वेळ लागतो, मध्ये किती कंटाळा असतो, किती खाली वेग आणावा लागतो, याचा अंदाज मोठेपणी आपल्याला राहत नाही. लहान मुलाला असतो, त्याची रोजच बुटांच्या नाड्यांशी गाठ असते.

आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ-कादंबरीकार बाईंनी 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' या १९७० च्या पुस्तकात रशियन भाषा शिकण्याचं उदाहरण दिलंय. भाषा शिकताना माझ्यासमोर असं काहीतरी असतं जे माझ्या मर्जीवर नाही, ज्याचा मान मला राखावा लागतो, आणि जे येत नाही ते येतं असं दाखवण्याचा मोह टाळावा लागतो. वाचताना मला आधी वाटलं, हे तर कंपायलरसुद्धा करतो! पहिल्या नोकरीत मला कंपायलर आवडायचा तो याचमुळे. चुकलंय म्हणजे चुकलंय, तो तोंडदेखलं बोलत नाही. आताचं साधन तसं नाही. काहीही विचारा, आधी 'फार छान प्रश्न' म्हणतं. अशी दाद रोज मिळत असताना, संध्याकाळी एखादी पट्टी तुम्हाला दाद न देता नुसतीच बेसूर वाजते, हे मला बरं वाटतं.

इथे एक आक्षेप आहे आणि तो खराच आहे. ही सगळी चैन आहे. पियानोला जेवढे पैसे लागले तेवढ्यात एखाद्या घराचे काही महिने निघतात. ॲरिस्टॉटलच्या स्वतंत्र माणसाला मोकळा वेळ मिळायचा तो गुलामांच्या जिवावर, आणि मला पाऊण तास मिळतो तो मावशी पोळ्या करून जातात म्हणून. मावशींना माझं वाजवणं माहीत आहे. महिनाभर तेच चार बार ऐकून त्यांनी एकदा विचारलं होतं, "ताई, ह्याच्या फुडं न्हाई का काही?" मग शेजाऱ्यांचा विचार करून मी हेडफोन लावायला लागले. आता मावशींना दिसतं ते एवढंच की मी बसलेय, बोटं हलतायत, पट्ट्यांचा टकटक आवाज येतोय.

"कानाला लावून वाजवता, मग ऐकतं कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी."

"आन चुकलं तर सांगतं कोण?"

मावशी स्वतः रोज संध्याकाळी वस्तीतल्या देवळात हरिपाठाला जातात. टाळ धरायला पस्तिशीनंतर शिकल्या, मागे बसून बसून. कुणी शिकवलं नाही, कुणी परीक्षा घेतली नाही, 'याचं काय करणार' असंही कुणी विचारलं नाही. टाळ चुकला तर शेजारची कोपर मारते. आवाज चांगला नसलेल्यालाही तिथे जागा असते, कारण चाळीस आवाजांत एक खपून जातो. आपल्याकडे हौशी माणसासाठी ही इतकी चांगली सोय शतकानुशतकं आहे, आणि मी मात्र जे वाद्य निवडलं ते एकट्याने, कान बंद करून वाजवायचं. (हौस हा शब्दही बघा. हिंदीतली हवस आणि मराठीतली हौस मुळात एकच. तिकडे ती वासना राहिली, इकडे तिने पैठणी नेसली.) मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, शनिवारी मिस सांगतात. आठवड्यातून एक तास. ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे. पण चैनीच्या आक्षेपाला मी जे उत्तर देऊ शकते ते मावशींमुळेच. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ आणि पैसा आहे, आणि त्यांनी टाळासाठी वेळ काढला. मोठ्या वयात हाताला नवं वळण लावून घ्यावंसं वाटणं ही फक्त भरल्या पोटाची गोष्ट नसावी. चैन असेल तर ती वाद्याच्या किमतीत आहे.

आता परत त्या मुलाकडे. मला मोह होतो की माझं पियानोचं तत्त्वज्ञान त्याला लागू करावं. हाताने लिही, मग कळेल. पण हे बरोबर होणार नाही. मी घरी जे करते ते माझ्या हौसेनं. तो नोकरी करतो, त्याच्यावर घर चालतं, आणि माझी हौस त्याच्या प्रोबेशनच्या फॉर्ममध्ये घुसवण्याचा मला हक्क नाही. शिवाय मी तरी कुठे सगळं हाताने करते? कंपायलर जो मशीन कोड तयार करतो तो मी कधी वाचत नाही. माझ्या आधीच्या पिढीतल्या कुणीतरी यावरही नाक मुरडलं असेल. मग रेघ कुठे ओढायची?

मला वाटतं, त्याच्यासाठी ॲरिस्टॉटलचं पहिलं उत्तर पुरतं. पारखीचं. कंपायलर एकाच कोडचा आज एक आणि उद्या दुसरा अर्थ लावत नाही, आणि तो तपासून घेणारे कितीजण तरी आहेत. एआयने दिलेल्या कोडचा पारखी आमच्या टीममध्ये त्या दिवशी तोच होता, दुसरं कुणी नव्हतं. आणि ज्याच्या खात्यातून पैसे दोनदा जातात तो ग्राहक खरा असतो, महिनाअखेर असेल तर त्याचा हप्ता चुकतो. रात्री दोनला सिस्टिम अडकली तर एआयला काय विचारायचं हे सुचायलासुद्धा आधी काहीतरी हातून झालेलं असावं लागतं. त्याच्या शिकण्याला दुसऱ्यांचं देणं आहे, म्हणून ते मी मागू शकते.

माझ्या शिकण्याला तसं काही नाही. मी मिन्युएट वाजवला नाही तर कुणाचंही काही बिघडत नाही. त्यामुळे पारखीचं उत्तर मला पुरत नाही, आणि माझं भांडण राहतं ते ॲरिस्टॉटलच्या शेवटच्या वाक्याशी. वय वाढलं की सोडून द्यावं असं तो म्हणतो, कारण त्याच्या मते वाजवण्याने माणूस घडतो तो लहानपणी, आणि घडून झाल्यावर घडवायचं काय? आपणही तेच धरून चालतो. पंचविशीपर्यंत जे काही व्हायचं ते झालं, पुढे त्याचंच व्याज. ऑफिसात मला सहा वर्षांचा अनुभव असलेली म्हणून घेतलं जातं, नातेवाइकांत 'तिचा स्वभावच तसा' म्हणून. मी स्वतःही म्हणते, माझा स्वभावच तसा. या गोष्टीवर माझा विश्वास बसू नये यासाठी माझ्याकडे पुरावा फारसा नाही. एक आहे. ऑगस्टमध्ये माझ्या डाव्या हाताची चौथी आणि पाचवी बोटं एकमेकांपासून सुटी होत नव्हती. आता होतात. २८ वर्षं ती एकत्र होती.

फॉर्म शुक्रवारी द्यायचा होता. त्यात एक रकाना असतो, 'स्वतंत्रपणे काम करू शकतो का', आणि तीन पर्याय. मी 'अंशतः' वर खूण केली, नोकरीत कायम करावं अशी शिफारस केली, आणि फॉर्म पाठवायच्या आधी त्याला बोलावून दोन्ही सांगितलं. त्याचा चेहरा पडला, साहजिक आहे. मग ठरलं की आठवड्याला एक छोटी गोष्ट त्याने रिकाम्या फाइलमध्ये, कुणाला न विचारता लिहायची. पहिल्या आठवड्यात पेमेंटचा तोच भाग. ज्याला एआयला अर्धा मिनिट लागतं त्याला त्याने अडीच दिवस घेतले, आणि मॅनेजरने मला विचारलंही की हे काय चाललंय. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खुर्ची ओढून बसला. प्रत्येक व्यवहाराला आपणच एक क्रमांक द्यायचा, पुन्हा प्रयत्न करताना तोच क्रमांक पाठवायचा, म्हणजे समोरच्या सिस्टिमला कळतं की हे आधीचंच आहे. हे त्याने मला कागदावर बाण काढून सांगितलं, मध्ये एकदा स्वतःच खोडलं, पुन्हा काढलं.

"मॅम, असं किती दिवस करायचं?" त्याने विचारलं.

मी पहिल्या महिन्यात मिसना हेच विचारलं होतं. त्यांनी पान उलटून "लेफ्ट हँड एकटा वाजव" म्हटलं होतं.

"पुढच्या आठवड्यात लॉगिन कर," मी म्हटलं.